खाटकाची घोडी

सकाळी मटणासाठी दुकानापुढे ताटकळत उभे राहावयाचे आणि दुपारी पारावर बसून त्याच खाटकास निर्दय म्हणावयाचे, ही आमच्या लोकांची जुनी खोड आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतही ती कमी नाही. त्यात एखाद्या खाटकाने दारी घोडी बांधली, तर मग बोलावयासच नको. सुरा चालविणाऱ्या हाताने खरारा का धरावा, असा या शहाण्यांचा सवाल!

आम्ही विचारतो, त्याने नाही धरावा तर कोणी? खाटकाचा धंदा म्हणजे नुसते कापणे नव्हे. जित्या बोकडाच्या कण्यावर हात फिरवून मटण किती पडेल हे त्यास सांगता आले पाहिजे. अंदाज दोन किलो चुकला की दिवसाची कमाई बुडाली. दातांवरून वय, डोळ्यांवरून दुखणे, चालीवरून खुरातली खोट तो ओळखतो. घोड्याच्या बाजारात याहून निराळी विद्या कोणती लागते?

शिवाय संगत आहे. पावसाळा सरला की देशावरचे धनगर माळशेजने खाली उतरतात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरे बसतात, शेतकऱ्यास लेंडीखत मिळते, धनगरास त्याचा मोबदला मिळतो आणि खाटकास मेंढे मिळतात. त्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टे असतात. वाड्यावर येता-जाता खाटकाची नजर तट्टावर बसली नाही तरच नवल! सडका नव्हत्या तेव्हा पाड्यापाड्यांतून जनावर पाहत हिंडण्यास तट्टू लागेच. आता फटफटी आली, गरज गेली, हौस राहिली. चंदीचा खर्च तो आपल्या घामाच्या पैशाने करतो. त्यात दुसऱ्याचे काय जाते?

या हौशीचा एक गुण आम्हांस फार आवडतो. कंठावर देवमण असला की घोड्याची किंमत चढते आणि डोळ्याखाली भोवरा असला की तो आसूढाळ, घर बुडविणारा, म्हणून उतरते. कातड्यावरचे केस कोणीकडे वळले यावर घरादाराचे नशीब! रोज कातडी सोलणाऱ्यास हे थोतांड पटणे कठीण. तो पाय, छाती आणि दम पाहतो.

आता शेतकरी बंधूंनी आपल्या गोठ्याकडे वळावे. मुरबाडातील म्हसे येथे पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि बैलांचा मोठा बाजार बसतो. गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा. २०१५ साली त्यात बैल व वळूही घातले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. पूर्वी थकलेला बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून नवा आणता येई. आता थकल्या बैलास गिऱ्हाईक कोण? तो मरेपर्यंत पोसावयाचा शेतकऱ्याने, आणि भूतदयेचे पुण्य ज्याच्या दारी दावे नाही त्याचे! शेळ्या-मेंढ्यांच्या खाटकास हा कायदा लागू नाही, परंतु शिव्या त्यालाही त्याच तोंडांच्या.

शहापूर व मुरबाड दोन्हीकडे आज नगरपंचायती आहेत. खाटकास स्वच्छ ओटा, मुबलक पाणी, बंद गटार आणि कापण्यापूर्वी जनावर तपासणारा पशुवैद्य देणे हे त्यांचे काम आहे. येत्या निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्यास मटण खाणाऱ्यांनी एवढे तरी विचारावे.