आधी सातपुडा

बऱ्हाणपुरातल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत दोन राज्यांच्या शाळांची वेळापत्रकं शेजारी ठेवून करावा लागतो. मध्य प्रदेशात शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, महिनाभर वर्ग भरतात आणि मग मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी मिळते. पलीकडे रावेर-भुसावळच्या मामाच्या मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये चाललेल्या असतात. अकोल्याच्या आत्याकडे शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो, त्यामुळे तिला घाई नसते. दिवाळीत तर जमणं आणखी अवघड. महाराष्ट्रातल्या मुलांना दोन आठवड्यांच्या आसपास सुट्टी असते, बऱ्हाणपूरच्या मुलांना जेमतेम आठवडाभर. सगळी भावंडं, त्यांची पोरंबाळं आणि आजी-आजोबा एकदम मोकळे सापडतात ते मे महिन्यातच. आणि मे महिन्यात तापीकाठचं हे शहर असं तापतं की दुपारी मुलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत.

म्हणून डोंगराचा विषय निघतो. कुटुंबाच्या ग्रुपवर मनालीचे फोटो येतात, कुणी दार्जिलिंग सुचवतं, कुणाला सिमल्याची छोटी गाडी मुलांना दाखवायची असते. ही हौस खरी आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण ज्या मेळ्यात तीन वर्षांचं नातवंड आहे आणि सत्तरीच्या पुढची आजीही आहे, त्या मेळ्याने आधी उत्तरेला तोंड करून उभं राहावं. शहराच्या वेशीबाहेर सातपुडा दिसतो. लहान मुलांचा पहिला डोंगर तोच असावा.

याला भावनेपलीकडचीही कारणं आहेत. बऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटरवर आहे, चिखलदरा 1118 मीटरवर आणि पचमढी 1067 मीटरवर. दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे या दोन्ही ठिकाणी पाच-सहा अंशांचा उतार नुसत्या उंचीने पडतो, आणि झाडीची सावली, रात्रीचा वारा मिळतो तो वेगळाच. मे महिन्यात तिथेही दुपारी ऊन लागतं, स्वेटरची थंडी नसते, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगितलेलं बरं. पण संध्याकाळी मुलं अंगणात खेळू शकतात. त्या महिन्यात एवढंही पुष्कळ आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. मनाली त्याच्या खाली आहे, पण मनालीला गेलेलं कुटुंब बर्फ पाहायला रोहतांगला जातंच आणि ती खिंड 3978 मीटरवर आहे. मोठ्या माणसाला डोकं दुखलं, मळमळलं तर ते सांगता येतं. दोन-तीन वर्षांचं मूल फक्त किरकिर करतं, दूध-जेवण नाकारतं, नीट झोपत नाही. प्रवासाने दमलं असेल, असं समजून सगळे तिकडे दुर्लक्ष करतात. सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर धूपगड सुमारे 1350 मीटरचं आहे. तिथे आई-बापाच्या डोक्याला ही धास्ती नसते.

सुरुवात अर्थातच असीरगडापासून करावी. खांडव्याच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की गड येतो. पायथ्यापासून अडीचशे मीटरहून अधिक उंच उठलेला हा किल्ला घेतल्याशिवाय दख्खनेत उतरता येत नाही, अशी त्याची ख्याती होती. फारुकी राजवटीतला हा गड अकबराने लांबलचक वेढ्यानंतर जानेवारी 1601 मध्ये ताब्यात घेतला. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि 1819 मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या किल्लेदाराकडून तो जिंकला. मुलांना मात्र सनावळीपेक्षा अश्वत्थामा जास्त आवडतो. गडावरच्या महादेवाच्या मंदिरात तो अजूनही पहाटे येऊन फूल वाहून जातो, अशी इथली समजूत आहे. बऱ्हाणपूरच्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगणारं कुणीतरी असतंच. ती घरी दिव्याखाली सांगण्याऐवजी गडावर सांगावी, ऐकणाऱ्यांचे डोळे पाहण्यासारखे होतात.

असीरगड ही मोठ्या सहलीची रंगीत तालीमही आहे. सकाळी लवकर निघून दुपारच्या आत परतता येतं, म्हणून कोण किती चालतं, कुणाचं पोट घाटात ढवळतं, आजोबांचे गुडघे पायऱ्यांना कितपत साथ देतात, हे सगळं अर्ध्या दिवसात कळतं. पाणी आणि खाणं घरूनच न्यावं. तटाच्या कडेला कठडा असेलच असं नाही, म्हणून एका लहान मुलामागे एक मोठा माणूस अशी वाटणी खालीच करून टाकावी. सगळ्यांनी सगळ्यांकडे लक्ष ठेवायचं ठरतं तेव्हा नेमकं कुणाचंच लक्ष नसतं.

मग चिखलदरा. बऱ्हाणपूरहून खकनार, देढतलाई, धारणी असा रस्ता मेळघाटात शिरतो, पुढे हरिसाल आणि सेमाडोह. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असलं तरी लहान मुलं बरोबर असतील तर अख्खा दिवस त्यासाठी राखावा. रस्ता जंगलातला आणि वळणांचा आहे, आणि दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो. निघताना तळलेलं खायला घालू नये, गाडीत मोबाइल हातात देऊ नये, मुलाला लांबवर पाहायला सांगावं आणि दर तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. पाच जणांच्या गाडीत नऊ जण आणि धाकटं पुढच्या सीटवर काकांच्या मांडीवर, ही आपल्याकडची नेहमीची रीत घाटात जिवावर बेतणारी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट बंधनकारक आहे, नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. दोन गाड्या कराव्यात, खर्च वाटून घ्यावा.

मेळघाट 1970 च्या दशकात देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत निवडला गेला. मुलं वाघाची वाट पाहत काचेला नाक लावून बसतात, आणि रस्त्यावरून वाघ सहसा दिसत नाही हे त्यांना आधीच सांगावं, म्हणजे हिरमोड होत नाही. त्याऐवजी नद्या दाखवाव्यात. सेमाडोहला सिपना भेटते. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या मेळघाटातल्या पाचही नद्यांचं पाणी शेवटी तापीला मिळतं आणि बऱ्हाणपूरच्या घाटांना लागून पुढे जातं. राजघाटावर ज्या पाण्यात मुलांनी पाय बुडवले, ते कुठून येतं हे त्यांना इथे उगमाजवळ कळतं. वाटेतली कोरकू गावंही अशीच ओळखीची आहेत, कारण खकनारच्या भागातही कोरकू वस्ती आहे. त्यांची भाषा मराठीला किंवा हिंदीला जवळची नाही, ती झारखंडकडच्या संथाली-मुंडारीच्या कुळातली आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सांगावं, त्याला आपल्या शेजाऱ्यांकडे पाहण्याची नवी नजर मिळते.

चिखलदऱ्याला पोचल्यावर मोठ्यांची एकच चूक होते. एका दिवसात सगळे पॉइंट उरकायचे, असा गाडीवाल्याशी सौदा होतो. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगड असं सगळं एका दमात पाहिलं की मुलांना नंतर फक्त गाडीत चढणं-उतरणं आठवतं. सकाळी एक जागा, संध्याकाळी एक, आणि मधली दुपार झोपेची. पंचबोलला दरीत हाक मारली की ती परत येते. पाच वर्षांच्या पोराला तिथे तास घालवू द्यावा. देवी पॉइंटला कड्याखालच्या देवीच्या दर्शनाने आजीचं मन भरतं. मोठ्या मुलांना घेऊन मामाने गाविलगडावर जावं. 1425 मध्ये बहमनी सुलतान अहमदशहा वलीने बांधलेला हा किल्ला आर्थर वेलस्लीने 15 डिसेंबर 1803 ला भोसल्यांकडून घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच वेलस्ली. तट पडला तिथे उभं राहून ही लढाई सांगता येते. परसात कॉफीची झाडं पाहायला मिळाली तर तीही दाखवावीत, खालच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलांना ते नवल वाटतं.

पचमढीला रेल्वेने जावं. इटारसीवरून जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्या पिपरियाला थांबतात आणि तिथून पुढे पन्नासेक किलोमीटरचा रस्ता उरतो. तिकीट काढताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलाला भाडं नाही, पण 2016 पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. रात्रीच्या प्रवासाला तो घ्यावाच, कारण आईच्या कुशीत आठ वर्षांचं पोर म्हणजे दोघांचीही झोप गेली.

पचमढी मराठी माणसाला परकी नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालत असे तेव्हा सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येई. कॅप्टन फोरसिथने इथे बायसन लॉज बांधलं ते 1862 मधलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक महादेवाला येत होते आणि आजही येतात. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणाऱ्यांत आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला जाणाऱ्यांत विदर्भातली माणसं मोठ्या संख्येने असतात. घरातल्या कुणा वडीलधाऱ्याचा नवस असेल तर तो जरूर फेडावा, पण त्या दिवसांत लहान मुलांना नेऊ नये. चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, नागद्वारीची वाट पावसातली आणि निसरडी. इतर दिवसांत बडा महादेवाच्या गुहेजवळ गाडी जाते, आत थंडगार पाणी ठिबकत असतं आणि आजीला सुखाने दर्शन होतं. शेजारच्या गुप्त महादेवाची कपार इतकी अरुंद आहे की अंग चोरून आत जावं लागतं. ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं, त्यांनी बाहेर थांबावं. मुलांना मात्र ती कपार पुन्हा पुन्हा हवी असते. मधमाश्यांच्या धबधब्याला, म्हणजे बी फॉलला, उतरताना मजा वाटते आणि चढताना तीन वर्षांचं बाळ कडेवर असतं. हा हिशेब वरच करावा.

धूपगडाचा सूर्यास्त सगळ्यांसाठी आहे. तिथे जिप्सी करून जावं लागतं.

या सगळ्यात एका माणसाची सुट्टी मात्र नेहमी राहून जाते. नातलगांचा मोठा गट स्वस्त पडावं म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा घेतो आणि घरची सून, वहिनी किंवा काकू तिथेही सकाळी सहाला चहा आणि बाराला पोळ्या करते. हे थांबवणं अवघड नाही. बऱ्हाणपुरातून निघताना दराबा, दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि शहराची ओळख असलेली केळी बरोबर घ्यावीत, तीही थोडी कच्ची, म्हणजे घाटात पिचत नाहीत. सकाळचं खाणं यात भागतं. रात्रीचं जेवण बाहेर, आणि ते जमणार नसेल तर पुरुषांनी खिचडी टाकावी. "वहिनी, आज तुम्ही बसा," हे वाक्य दिराने म्हणावं आणि खरोखर पातेलं हातात घ्यावं. मुलं हेही पाहत असतात.

माकडांना खायला देऊ नये. पचमढीत आणि चिखलदऱ्यातही लहान मुलाच्या हातातली पिशवी ओढण्याची सवय त्यांना आपणच लावली आहे. संध्याकाळी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. नेहमीच्या औषधांबरोबर ओआरएसची पाकिटं ठेवावीत आणि उलटीचं औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्यावं.

परत आल्यावर शाळा उघडायच्या आत एक सकाळ कुंडी भंडाऱ्यासाठी काढावी. 1615 च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखाना बऱ्हाणपूरला असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही पाण्याची योजना उभी केली. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी त्याने भुयारात अडवलं आणि शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्यांच्या रांगेतून निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. पंप नव्हता, वीज नव्हती. एका कुंडीतून लिफ्टने खाली उतरता येतं, तिथे खडकाच्या भिंतीतून पाणी पाझरताना दिसतं. 2024 मध्ये ही जागा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. ज्या मुलांनी आठवड्यापूर्वी असीरगडावरून सातपुड्याच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना ही भुयारं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. लिफ्टमध्ये एका वेळी थोडीच माणसं मावतात, म्हणून सकाळी लवकर जावं, आणि लिफ्ट चालू आहे का हे निघण्याआधी विचारून घ्यावं.