मृत्युपत्राच्या आधीचा कागद

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांत आता कुत्रा नाहीतर मांजर आहे. मुलांच्या हट्टापायी आलेलं पिल्लू मुलं कॉलेजला गेली की आईबाबांचं होतं. त्याच्या लशी, दात, विमा सगळं आपण चोख बघतो. पण उद्या आपणच हॉस्पिटलात पडलो तर त्याला संध्याकाळी खायला कोण घालणार, असं विचारलं की उत्तर येतं, "बघेल कोणीतरी." किंवा, "असं अशुभ कशाला बोलायचं?" माझं म्हणणं असं की हा "कोणीतरी" नावानिशी ठरलेला हवा, आणि तो आपल्या पश्चातच्या काळासाठी नव्हे, तर आपण आडवे पडू त्या पहिल्याच दिवसासाठी.

रतन टाटांनी मृत्युपत्रात आपल्या टिटो या कुत्र्याची सोय केल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी कौतुकाने वाचल्या. त्यानंतर काहींनी आपल्याही मृत्युपत्रात तशी ओळ घालून घेतली. चांगलंच केलं, पण मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. पक्षाघात झाला, अपघातात शुद्ध हरपली, स्मृतिभ्रंश सुरू झाला, तर ते कपाटात पडून राहतं. माणूस गेल्यावरसुद्धा प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करण्यात, महिने जातात. इकडे मांजर, त्यातून लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साचून त्याच्या जिवावर बेतू शकतं. मधुमेही कुत्र्याला इन्शुलिन रोज लागतं, बहुधा दिवसातून दोनदा.

अमेरिकी कायद्याच्या लेखी प्राणी ही मालमत्ता आहे, म्हणून त्याच्या नावावर थेट पैसे ठेवता येत नाहीत. ट्रस्ट मात्र करता येतो. २०१६ मध्ये मिनेसोटाने कायदा केला आणि ही सोय सगळ्या ५० राज्यांत झाली. मालक हयात आहे पण असमर्थ आहे, अशा वेळीही लागू होईल असा हा ट्रस्ट लिहिता येतो. पैसे एकाच्या हाती आणि प्राणी दुसऱ्याच्या घरी अशी विभागणी करता येते, म्हणजे देखरेखही राहते. न्यूयॉर्कच्या लिओना हेल्म्सली यांनी 'ट्रबल' या कुत्रीसाठी १ कोटी २० लाख डॉलर ठेवले होते. कोर्टाने ती रक्कम २० लाखांवर आणली. तेव्हापासून ट्रस्ट म्हणजे श्रीमंतांचे लाड, असा समज पसरला. पण आफ्रिकन ग्रे पोपट ४० वर्षं आणि त्याहूनही जास्त जगू शकतो. साठीतल्या माणसाने तो पाळला असेल, तर ट्रस्ट ही गरजच आहे. ज्यांना ट्रस्ट नको असेल त्यांनी निदान ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नीत (आपण असमर्थ झालो तरी चालू राहणाऱ्या मुखत्यारपत्रात) प्राण्याची काळजी आणि त्यावरचा खर्च स्पष्ट लिहून घ्यावा.

"मुलं बघतील," हे ऐकून मला काळजी वाटते. मुलं दुसऱ्या राज्यात भाड्याच्या घरात राहतात. कित्येक घरमालक जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलरला परवानगीच देत नाहीत. मुलांना आजच विचारा, आणि "नाही" म्हणाली तर रागावू नका. आज कळलेला नकार पुढच्या धावपळीतून वाचवतो.

असमर्थता नुसती आजारपणाचीच असते असंही नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला हाती जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. भारतात कुत्रा न्यायचा तर रेबीजची लस प्रवासाच्या महिनाभर आधी झालेली हवी. शिवाय आरोग्य प्रमाणपत्र आणि भारताच्या क्वारंटाइन खात्याचा ना-हरकत दाखला लागतो. घर आवरण्याच्या त्या गडबडीत शेवटी शेल्टर गाठलं जातं, आणि वयस्क कुत्र्याला तिथून नवं घर मिळणं कठीण असतं.

म्हणून एक साधा कागद आजच करा. दोन माणसांची नावं (तोंडदेखला नव्हे, खरा होकार असलेली), घराची किल्ली कोणाकडे आहे, व्हेटचा फोन, औषधं, मांजर घाबरलं की कुठे लपतं. आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपली कुत्री "बस", "इकडे ये", "नको" हेच शब्द ओळखतात. अमराठी शेजाऱ्याला ते उच्चारासकट लिहून द्या, नाहीतर अनोळखी घरात ते जनावर अगदीच एकटं पडेल. मायक्रोचिपमध्ये फक्त क्रमांक असतो, मालकाची माहिती नोंदणीत असते. तिथे दुसऱ्या माणसाचा फोन घाला. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: घरी प्राणी एकटा आहे, या नंबरवर कळवा.

मंडळाकडे माझी एक मागणी आहे. सभासदत्वाच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवावेत: घरात प्राणी आहे का, आणि अडचणीच्या वेळी दुसऱ्याचा प्राणी चार दिवस सांभाळाल का. होकार देणाऱ्यांची यादी कार्यकारिणीतल्या दोघांकडे असावी, म्हणजे रात्री-अपरात्री फोन आला तरी शोधाशोध होणार नाही. यादीची सुरुवात आमच्यापासून करा. आमच्याकडे मध्यम आकाराचा एक कुत्रा कधीही राहू शकतो. मांजर मात्र नको, आमचा कुत्रा मांजरांच्या अंगावर धावतो.