नभोवाणीवरील चर्चा आणि कालव्याचें पाणी

पुणें येथील आकाशवाणीचें केंद्र ता. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. त्यास तीन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, तोंच त्या केंद्रावरून एक असा प्रयोग झाला कीं, त्याची माहिती आजच्या शेतकरीवर्गांत फार थोड्यांस असेल. कॅनडा देशांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालत असत. शेजारीपाजारी एका घरीं जमून नभोवाणीवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपलें मत लिहून कळवीत. हीच पद्धति युनेस्कोच्या साहाय्यानें १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवीं अजमावून पाहण्यांत आली. आठवड्यांतून दोन वेळां, अर्धा तास, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळांत पंधरा-वीस सभासद, एक अध्यक्ष व एक चिटणीस असे. कार्यक्रम संपला कीं चर्चेस आरंभ व्हावयाचा. उठलेले प्रश्न चिटणीसानें केंद्राकडे धाडावयाचे, आणि त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळावयाचीं.

टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची तपासणी केली. आरंभीं व शेवटीं लोकांना प्रश्न विचारून पाहतां, मंडळें असलेल्या गांवीं लोकांच्या माहितींत मोठी भर पडलेली दिसली; ज्या गांवीं मंडळ नव्हतें तेथें फरक अगदींच थोडा होता. आमच्या मतें या सर्व खटाटोपांतील मर्म हेंच आहे. नुसतें ऐकलेलें विरून जातें. चार शेजाऱ्यांसमक्ष ज्याची उलटतपासणी झाली तें टिकतें. १९५९ पासून अशीं मंडळें देशभर काढण्यांत आलीं, परंतु पुढें तीं मागें पडलीं.

आज शेतकऱ्यास सल्ल्याची वाण नाहीं. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. तेथें फोन करून पिकावरील रोगाचा उपाय विचारतां येतो. परंतु तो एकट्याचा प्रश्न आणि एकट्यास उत्तर. कालव्याचें पाणी हा एकट्याचा प्रश्न नव्हे. व्हॉट्सॅपवरील गटांविषयीं तर बोलावयासच नको. तेथें अध्यक्ष नाहीं, उत्तर देण्यास कोणी बांधलेला नाहीं, आणि कंडी मात्र क्षणांत गांवभर होते.

खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यावर पुणें शहराची तहान आणि हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतील शेती यांचा भार आहे. शहर वाढत गेलें तसा त्याचा वांटा वाढत गेला. उन्हाळा आला कीं शहरांत म्हणतात, शेतीस पाणी सोडलें म्हणून आमच्या नळास कपात. इकडे आपण म्हणतों, शहरानें आमचें पाणी पळविलें. दोघेही आपापल्या घरीं बोलतात. कालवा सल्लागार समितीच्या बैठकींत आवर्तनाचा निर्णय होतो, पण तेथील बोलणें चारीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोंचतें तें फक्त तारखेच्या रूपानें, आणि पुष्कळदां तारीखही चुकते.

आमची सूचना अशी आहे. रब्बीच्या आवर्तनाची बैठक भरण्यापूर्वीं सहा आठवडे, दर आठवड्यास अर्धा तास, या एकाच विषयावर नभोवाणीवरून चर्चा व्हावी. इंदापूर-दौंडाकडील पांच-सहा गांवीं आणि पुण्यांतील तितक्याच गृहसंस्थांत मंडळें स्थापून तीच चर्चा दोहींकडे ऐकली जावी. आकाशवाणीनें हें काम पत्करल्यास उत्तमच. एरवीं, २००५ पासून चालत आलेली पुणें विद्यापीठाची विद्यावाणी आहे आणि बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राची शारदा कृषि वाहिनी आहे. अशा केंद्रांची शक्ति बेताची. विद्यावाणीचा आवाज इंदापुरास पोंचावयाचा नाहीं. परंतु ध्वनिमुद्रण एकमेकांस देण्यास कोणती अडचण आहे?

एक अट मात्र सोडतां कामा नये. पाटबंधारे खात्याच्या व महापालिकेच्या जबाबदार अभियंत्यानें स्वतःच्या नांवानें, पुढच्याच आठवड्यांत, आलेल्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं. १९५६ च्या प्रयोगाचा जीव या उत्तरांत होता. "वरिष्ठांस कळविलें आहे" हें उत्तर नव्हे.

आपल्या सभासदांसही हें सुखाचें जाणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. शहरवाले विचारतील कीं, नळगळतीबद्दल आम्हांस बोल लावतां, मग उसाला मोकाट पाणी देतां त्याचें काय? ठिबकास अनुदान असतांही तें न बसविणारे आपल्यांत किती आहेत? या प्रश्नावर खाली मान घालण्यापेक्षां हिशेब मांडलेला बरा. आपणही विचारावें कीं, वापरलेलें पाणी शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यांत सोडण्याची योजना आहे, तें पाणी कितपत शुद्ध असतें, याचें तपासणीपत्रक दर महिन्यास वाचून कां दाखवूं नये?

मंडळें बनवितांना आणखी एक काळजी घ्यावी. बागाईतदारांचीच बैठक भरली तर तिचा उपयोग अर्धा. ज्याच्या शेतापर्यंत पाणी पोंचण्यापूर्वींच पाळी संपते तो टेलचा शेतकरी, शेत नसलेला पण कालव्याच्या पाझरानें भरणाऱ्या विहिरीवर पिण्यास अवलंबून असलेला मजूर, आणि त्या विहिरीवर हांडा घेऊन जाणारी बाई, यांना जागा राखून ठेवावी. अध्यक्षानें बोलण्याचा पहिला मान त्यांस द्यावा; गांवच्या पुढाऱ्यांस तो मागाहून मिळतोच.

संघाच्या कार्यकारी मंडळानें दसऱ्यापूर्वीं दोन्ही केंद्रांच्या चालकांस पत्रें धाडावीं आणि प्रत्येक मोठ्या फांट्यावरील एका गांवाचें नांव नक्की करावें. ज्या गांवांस मंडळ चालविण्याची इच्छा असेल, त्यांनीं चिटणीसाचें नांव संघाच्या कचेरीस कळवावें, आणि त्यासोबत गेल्या वर्षीं आवर्तन सुटल्यापासून टेलपर्यंत पाणी पोंचावयास किती दिवस लागले, तो आंकडाही लिहून पाठवावा.