‘काळा फोन’ नावाची वस्तू कधीच नव्हती

गेली कित्येक वर्षे मराठी ललित गद्यात एक काळा फोन अखंड वाजत आहे. वाड्याच्या ओसरीवर, डॉक्टरांच्या दवाखान्यात, मामलेदाराच्या मेजावर. गोष्ट 1935 सालची असो वा 1975 सालची, फोन तोच. लेखकाला हवे असते ते स्मरणरंजन आणि समीक्षक त्याला ‘तपशीलवार वास्तवचित्रण’ म्हणून प्रशस्तिपत्र देतो. आमचे म्हणणे असे की, हा फोन कधी अस्तित्वातच नव्हता. होते ते अनेक फोन. त्यांतला भेद न दिसणे हा वाचनातला दोष आहे आणि त्याची जबाबदारी साहित्याच्या अध्यापकांची आहे.

आपल्या शब्दापासूनच सुरुवात करू. हातात धरून ज्यात ऐकायचे आणि बोलायचेही, त्या वस्तूला आपण ‘रिसीव्हर’ का म्हणतो? कारण जुन्या खांबासारख्या फोनमध्ये बोलण्याचे तोंड खांबावरच बसवलेले असे आणि हातात यायचा तो केवळ ऐकण्याचा भाग. पुढे दोन्ही भाग एका मुठीत जोडले गेले, शब्द मात्र मागेच राहिला. अर्थविस्ताराचे उदाहरण शोधत कोश चाळणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण हाताशी असूनही दिसत नाही.

आता वस्तूकडे वळू. ब्रिटिश टपाल खात्याने 1929 साली 162 क्रमांकाचा बेकेलाइटचा फोन आणला. त्याचा रिसीव्हर 164 क्रमांकाचा. 1934 साली 232 आला. वरून पाहता जवळजवळ तोच, फरक आतल्या मंडलात: बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानात घुमणे कमी झाले. 1937 चा 332 मात्र अंगाने वेगळा. घंटा पोटात आली, पण रिसीव्हर 164 च राहिला. म्हणजे केवळ रिसीव्हर पाहून काळ ठरवणारा फसतो आणि केवळ धड पाहणाराही फसतो. रिसीव्हर खरोखर बदलला तो 1959 च्या 706 बरोबर: हलके प्लास्टिक, वेगळा बाक, वेटोळ्यांची वायर. आणि ‘काळा’ म्हणावे तर 332 हस्तिदंती, हिरव्या आणि लाल रंगांतही निघत असे. आपल्याकडे 1948 साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली तीही एका ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने. त्यामुळे ही वंशावळ परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात आमच्यापैकी एकाने एक ‘अस्सल इंग्रजी’ फोन घेतला. दिघीला आणून उघडला. धड जड, कडेला टवका गेलेला, बेकेलाइटचे. रिसीव्हर हलका, पिवळट पडू लागलेला, पुष्कळ अलीकडचा. वायर त्याहून नवी. बोलण्याच्या तोंडाचे झाकण फिरवून काढले, तर आत कार्बनच्या कणांची डबीच नाही. विक्रेत्याने फसवले म्हणून हळहळणे सोपे होते. पण दुरुस्तीत सर्वांत आधी बदलला जातो तो रिसीव्हरच, कारण पडतो तोच. तेव्हा हा फोन खोटा नसून मिश्र पाठ होता: अनेक हातांनी, अनेक काळांत, आपापल्या गरजेने दुरुस्त केलेला.

पाठचिकित्सा याहून निराळी काय असते? दिघीहून आळंदी हाकेच्या अंतरावर. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ निवडून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. तिचा गौरव आपण परीक्षेत पाच गुणांसाठी करतो आणि ती दृष्टी तेवढी वर्गाबाहेर ठेवतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: हे भंगारवाल्याचे शास्त्र, साहित्याचा याच्याशी काय संबंध? संबंध असा. 1940 सालच्या कथेतली नायिका फोनवर बोलताना प्लास्टिकच्या वायरीची वेटोळी बोटाला गुंडाळत असेल, तर तो कालविपर्यास आहे. तिच्या हाती कापडी वेणीची वायर असायला हवी. एखादे पात्र बोलता बोलता रिसीव्हर टेबलावर आपटत असेल, तर तो राग असेलच असे नाही. बसलेले कार्बनचे कण मोकळे करून आवाज सुधारण्याची ती रीतही असू शकते. हे ठाऊक नसलेला समीक्षक त्या कृतीत ‘दमित क्रोध’ वाचतो, आणि विद्यार्थी तो उतरवून घेतात.

या बेफिकिरीचे मोठे रूप आम्ही रोज पाहतो. शेजारच्या खडकीच्या केंद्रातून 1927 साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. पुढे विदेश संचार निगमकडे आलेली दिघीची जमीन 524 एकर. 2002 च्या निर्गुंतवणुकीत ती वेगळी ठेवली गेली आणि पुढे हेमिस्फियर प्रॉपर्टीजच्या खात्यावर गेली. आज तिच्याविषयी बोलताना एकरांचा हिशेब तेवढा ऐकू येतो. सगळे फोन ज्याला सारखे, त्याला सगळी जमीनही सारखीच.

तेव्हा स्मरणरंजनाच्या लेखकांना आमची विनंती एवढीच: पुढचा ‘काळा फोन’ लिहिण्यापूर्वी एक खरा फोन उलटा करून पाहा. रिसीव्हरच्या मुठीच्या आतल्या अंगाला क्रमांक असतो, पुष्कळदा सालही. अध्यापकांनी वर्गात एकदा तो विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि काय दिसते ते लिहायला सांगावे. आठवते ते नव्हे, दिसते ते.