फ्रिक्वेन्सी घेण्याआधी शेजाऱ्याला विचारा

बेळगाव, निपाणी, चंदगड, कोल्हापूर भागातल्या हौशी रेडिओमित्रांनो,

आपल्यापैकी कुणी डिजिटल रिपीटर उभारायच्या विचारात असेल, तर त्याला एक कळकळीची विनंती आहे. मशीन घेण्याआधी आणि खांब रोवण्याआधी आजूबाजूच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींना विचारा. येळ्ळूरच्या शिवारात नवा बांध घालायचा तर शेजारच्या शेतकऱ्याला आधी बोलावतात, दोघांच्या समोर दोरी धरतात. फ्रिक्वेन्सीचेही तसेच आहे. फरक इतकाच की हा बांध डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त जपावा लागतो.

या छंदात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. राजहंसगडावर उभे राहिले की खालचे भातशिवार आणि पलीकडचे बेळगाव शहर नजरेत येते. दोन मीटर पट्ट्यातल्या लहरी साधारण नजरेसारख्याच सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून पाच वॉटच्या हँडीचा, म्हणजे हातातल्या सेटचा आवाज सपाटीवर फार लांब पोचत नाही. उंचावरचा रिपीटर तो आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जोराने सोडतो. दोन्हींत सहसा ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. उदाहरणार्थ, रिपीटर ऐकतो १४५.१०० वर आणि सोडतो १४५.७०० मेगाहर्ट्झवर.

आपल्याकडे हा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. त्यातही १४५.८०० पासून वरची जागा उपग्रहांसाठी मोकळी ठेवायची असते. अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर शाळकरी मुलांशी बोलतात, ते ऐकायचे १४५.८०० वरच. उरलेल्या जागेत रिपीटरच्या जोड्या मोजक्याच बसतात.

आता डिजिटल आले आहे, आणि ते यावेच. डीएमआर या डिजिटल पद्धतीत साडेबारा किलोहर्ट्झच्या एका वाहिनीवर दोन संभाषणे चालतात. एका पाटाचे पाणी दोन शेतांना पाळीने सोडावे, तशी प्रत्येकाला ३० मिलिसेकंदांची पाळी मिळते. आवाजाबरोबर कॉल साइनसारखी माहितीही पाठवता येते. पण जपानमधून आलेले डी-स्टार, युरोपातले डीएमआर आणि येसू कंपनीचे सिस्टिम फ्यूजन यांना एकमेकांची भाषा कळत नाही. साध्या एफएम सेटवर तिन्हींची नुसती गुरगुर ऐकू येते. उलट ज्याचा सेट फक्त डिजिटलवर लावलेला असतो, त्याला एफएमवरचे बोलणे ऐकूच येत नाही. वाहिनी रिकामी समजून तो बटण दाबतो आणि चाललेले संभाषण तुटते. कुणाच्या मनात वाईट नसते, तरी भांडण उभे राहते.

म्हणून पाच गोष्टी करा.

पहिली, निदान महिनाभर ऐका. सकाळी, रात्री, उन्हात, पावसात. हवेचे थर जुळले की एरवी न पोचणारा लांबचा रिपीटरही स्पष्ट येतो.

दुसरी, एक सामाईक वही ठेवा. कोणता रिपीटर कुठे आहे, किती उंचीवर आहे, कोणत्या जोडीवर आणि कोणत्या पद्धतीने चालतो, हे सगळे त्यात लिहा. कोल्हापूर, गोवा आणि बेळगावकडच्या मंडळींनी ती वही एकच ठेवावी. राज्याची हद्द लहरींना लागू होत नाही.

तिसरी, टोन लावला की भागले असे समजू नका. टोनमुळे नको तो आवाज आपल्या कानावर येत नाही, एवढेच. हवेतली टक्कर तशीच राहते.

चौथी, डीएमआर सेटमध्ये बोलण्याआधीची तपासणी ‘कलर कोड फ्री’वर न ठेवता ‘चॅनल फ्री’वर ठेवा. मग वाहिनीवर एफएमचा वाहक असला तरी सेट थांबतो.

पाचवी, चालू असलेला एफएम रिपीटर काढून त्या जागी डिजिटल बसवू नका. नवी पद्धत नव्या जोडीवर आणा. जागा अपुरी वाटली तर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे.

परवाना दिल्लीहून, दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून मिळतो. तो हवाच. पण कागद हातात आला म्हणून शेजाऱ्याशी बोलणे टळत नाही. अमेरिकेत दोन रिपीटर एकमेकांना त्रास देत असले आणि त्यांतला एकच फ्रिक्वेन्सी समन्वयकाच्या शिफारशीने चालत असला, तर त्रास दूर करण्याची मुख्य जबाबदारी दुसऱ्यावर येते. आपण तो शहाणपणा नियमाची वाट न बघता पाळू शकतो.

हे सगळे कशासाठी? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला पूर आला, तेव्हा पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आपल्याकडे बळ्ळारी नाला फुगला की भातशिवार पाण्याखाली जाते. वीज गेली की मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तासच तग धरतात. १९९३ मध्ये किल्लारीच्या आणि २००१ मध्ये भूजच्या भूकंपात हौशी रेडिओने निरोप पोचवले. अशा वेळी मदतीला येणाऱ्याच्या हातात कोणता सेट असेल हे आपल्याला ठाऊक नसते. बहुतेक तो जुना, साधा एफएमचाच असेल. त्याने बटण दाबले तर पलीकडून माणसाचा आवाज आला पाहिजे.

तेव्हा येत्या पावसाळ्याआधी एकदा एकत्र बसा, वही उघडा आणि आपापला रिपीटर तिच्यात लिहा.