सेल दुकानाचा, सुट्टी कुणाची?

15 ऑगस्टच्या सेलच्या पाटीवर सवलत किती टक्के, ते लांबूनही वाचता येतं. ती सवलत कोण देतं, ते मात्र पाटीवर नसतं. कंपनी देते, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की तिचा एक हिस्सा काउंटरमागे दिवसभर उभी असलेली मुलगी देते, आपल्या सुट्टीतून.

मी पळसदरीचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे पावसाळ्यातल्या सुट्टीला धरण आणि धबधबे बघायला लोकलमधून झुंडी उतरतात. त्याच फलाटावरून गावातली, आसपासच्या वाड्यांतली मुलंमुली कर्जत, बदलापूर, कल्याणच्या दुकानांत कामाला निघतात. सार्वजनिक सुट्टीला मध्य रेल्वेच्या लोकल रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. म्हणजे रेल्वेच्या लेखी सुट्टी असते, दुकानाच्या लेखी नसते, आणि उशीर झाला तर पगार मात्र मुलांचा कापला जातो.

गंमत म्हणजे माझं ऑफिस आणि त्यांचं दुकान यांना कायदा एकच: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017. त्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली रजा. मला सुट्टीत सर्व्हर सांभाळावा लागला तर बदली रजा मिळते, कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत. दुकानांत काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुलांपैकी बहुतेकांनी दुप्पट पगाराचं नावही ऐकलेलं नाही.

याचं एक कारण कायद्यातच आहे. या तरतुदी मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्याच होत्या. त्याहून लहान दुकानाने आपण धंदा करतो एवढं सरकारला कळवलं की झालं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 वर न्यायला मंजुरी दिली. प्रोग्रॅममध्ये अशी अट लिहिली तर पहिला प्रश्न विचारला जातो, अटीबाहेर किती जण पडतात? कर्जत-खोपोलीच्या बाजारात वीस नोकर असलेली दुकानं किती, हे कळायला एक फेरी पुरे.

1948 च्या जुन्या कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. 2017 ने दुकानाला सातही दिवस उघडं राहायची मुभा दिली आणि साप्ताहिक सुट्टी माणसागणिक वाटून टाकली. पूर्वी कायदा पाळला की नाही, ते दारावरच्या कुलपावरून रस्त्यावरच्या कुणालाही दिसे. आता ते हजेरीपुस्तकात शोधावं लागतं, आणि ते पुस्तक मालकाच्या गल्ल्यात असतं.

यावर लोक म्हणतात, दवाखाने आणि रेल्वेही सुट्टीला चालतातच की. चालतात, कारण ताप तारीख बघून येत नाही. मिक्सर मात्र दुसऱ्या दिवशीही घेता येतो.

दुसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे: मुलांनाच काम हवंय, नको असेल तर दारात दुसरी दहा उभी आहेत. पण दारात दहा उभी असतात म्हणूनच तर कायदा लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांनाही पैशांची गरज होतीच. तरी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी रविवारची सुट्टी मागितली आणि 10 जून 1890 रोजी मालकांना ती मान्य करावी लागली. आज आपण जो रविवार खरेदीला वापरतो, तो असा मिळालेला आहे. एकट्या कामगाराने मागून तो मिळाला नसता.

दुकानं बंद करा, असं मी म्हणत नाही. सुट्टीचा हक्क दुकानातली डोकी मोजून देऊ नका, काम करणाऱ्या प्रत्येकाला द्या, एवढंच म्हणतो. आणि दुप्पट पगार पावतीवर वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे तो दिला की नाही यावर वाद राहणार नाही. एवढं केल्यावर सेल परवडत नसेल, तर तो आधीही परवडत नव्हता. त्याचे पैसे दुसरंच कुणीतरी भरत होतं.