अकरावा बावटा

बंगळूरमधील कोरमंगला या वसाहतीतून समुद्र दिसण्याचा प्रश्नच नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले आहे आणि कोणताही किनारा येथून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही डिसेंबर २०२४ च्या आरंभी येथे आभाळ भरून आले, बोचरा वारा सुटला आणि पावसाची झिमझिम सुरू झाली. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या मालवणच्या. मुलाच्या नोकरीमुळे त्या येथे राहतात. भाचे मात्र अजून गावी मासेमारी करतात. गॅलरीतून ढगांकडे पाहत त्यांनी नातवाला विचारले, "आज बंदरात कितीचो बावटो लावल्यानी रे?"

नातू हसला. "आजी, इथं कुठलं आलंय बंदर?"

आजींचा प्रश्न मात्र अस्थानी नव्हता. ३० नोव्हेंबरच्या रात्री 'फेंगल' नावाचे चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनारा ओलांडून आत शिरले होते आणि कोरमंगल्याचा पाऊस हा त्याचाच शेष होता. पुढे हाच शेष अरबी समुद्राच्या बाजूला सरकला. अशी वादळे उष्ण कटिबंधातील समुद्रावर जन्म घेतात. पाण्याचे तापमान सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर गेले की पुष्कळ वाफ वर चढते. तिचे ढग बनताना जी उष्णता मोकळी होते, तीच वादळाचे इंधन होय. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांना चक्राकार गती मिळते. आपल्याकडे अशी वादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी व नंतर उद्भवतात. कोरमंगल्यात पडलेले पाणी ओढ्यानाल्यांतून बेळंदूर आणि वर्तूर या तलावांत जाते, तेथून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते आणि अखेर कडलूरजवळ बंगालच्या उपसागरात पोहोचते. समुद्राने धाडलेले पाणी असे समुद्राकडेच परत जाते. तेव्हा समुद्राच्या हवामानाशी आपला काही संबंध नाही, असे बंगळूरकरांनीही म्हणू नये.

आता बावट्याविषयी. बंदरावर लावण्याच्या इशाऱ्याला कोकणात 'बावटा' म्हणतात; परंतु ठरलेल्या पद्धतीनुसार हा इशारा कापडी निशाणाने नव्हे, तर दिवसा शंकू व नळकांड्याच्या आकृतींनी आणि रात्री तांबड्या-पांढऱ्या दिव्यांनी दिला जातो. एक व दोन क्रमांकांचा अर्थ असा की संकट दूर समुद्रात आहे. तीन क्रमांकाचा बावटा लागला म्हणजे खुद्द बंदरावर वादळी वाऱ्याचा संभव असतो. चार क्रमांक चक्रीवादळाची शक्यता सुचवतो. पाच ते सात क्रमांक धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे.

यानंतर येतो अकरावा. तो वाऱ्याचा वेग सांगत नाही की वादळाची दिशाही सांगत नाही. हवामान केंद्राशी असलेला संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते धोका संभवतो, एवढेच तो सांगतो. बातमी येईनाशी होणे हीच धोक्याची बातमी समजावी, असा त्याचा आशय.

या अकराव्या बावट्याचे मर्म २०१७ मध्ये कळून आले. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या दक्षिणेकडील समुद्रात 'ओखी' चक्रीवादळ झपाट्याने तयार झाले. केरळ व तमिळनाडूच्या अनेक नौका त्याआधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. मोबाइलची कक्षा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. त्यामुळे किनाऱ्यावर दिलेला इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नाही. शेकडो मच्छीमार परतले नाहीत. वाऱ्याने उत्तरेकडे रेटलेल्या ६८ नौका व ९५२ मच्छीमार मात्र सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. भाषा निराळी, गाव निराळे; पण बंदर आपलेच.

याच्या उलट प्रसंग मे २०२१ मधील. 'तौक्ते' वादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळाला होता. तरीही मुंबईजवळील तेलक्षेत्रात 'पी-३०५' हे बार्ज कामगारांसह समुद्रातच राहिले. १७ मे रोजी ते बुडाले. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून बहुतेकांना वाचवले, तरी कित्येक घरांतील कर्ता माणूस गेला. ओखीच्या वेळी निरोप पोहोचला नाही. तौक्तेच्या वेळी पोहोचूनही तो पाळला गेला नाही. दोन्हींचा परिणाम घरच्यांना सारखाच भोगावा लागला.

यांपैकी पहिली उणीव भरून काढण्याचा प्रयत्न चालू आहे, आणि त्यात बंगळूरचाही वाटा आहे. येथे मुख्यालय असलेल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेल्या तंत्राच्या आधारे मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. उद्दिष्ट एक लाख नौकांचे आहे. मोबाइल जेथे मुका होतो, तेथेही या यंत्राच्या साहाय्याने उपग्रहामार्फत इशारा नौकेपर्यंत नेता येतो आणि नौकेचा संदेश किनाऱ्याला मिळू शकतो.

दुसरी उणीव मात्र उपग्रहाने भरून निघणारी नाही. दिवसाची मजुरी बुडेल, डिझेलचा खर्च वाया जाईल, मालक रागावेल, अशा कारणांनी माणूस इशारा ऐकूनही समुद्रात राहतो. अशा वेळी घरच्यांचा शब्द उपयोगी पडतो. "आज नको, परत या," एवढे सांगायला विज्ञानाची पदवी लागत नाही. इशाऱ्याचा अर्थ ठाऊक असला म्हणजे पुरे. म्हणून किनाऱ्यावर आपले कोणी असेल, तर भारतीय हवामान विभागाचे समुद्रविषयक निवेदन पाहण्याची सवय घरातील एकाने तरी लावून घ्यावी आणि ते मोठ्याने वाचून दाखवावे.

त्या संध्याकाळी नातवाने आजींना ते निवेदन वाचून दाखवले आणि मग मालवणला फोन लावला. होडी किनाऱ्यावर ओढलेली होती. आजींनी फोन हातात घेऊन तीच गोष्ट पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच त्या जेवायला बसल्या.